उशिरा येणाऱ्याची जागा

९ सप्टेंबर, सोमवार

खाली मंडळाचा स्पीकर सकाळपासून कोकलतोय आणि वर मी घराचं ऑफिस करून बसलेय. केतनचा फोन आला तेव्हा बाल्कनीचं दार लावून, एका कानात बोट घालून बोलले. गिऱ्हाईक मिळालं. खरं तर नाचायला हवं होतं. मला रडूच आलं, कारण मनातल्या मनात मी हा धंदा कधीच बंद करून टाकला होता.

धंदा काय आहे ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. एखाद्याला सॉफ्टवेअर करून घ्यायचं असतं, पण त्यात काय काय हवं हे त्याचं त्याला मांडता येत नाही. कंपनीत असताना ते मांडून द्यायचं काम मी करायचे, पगार घेऊन. मार्चमध्ये कंपनीने आमची अख्खी टीम काढली. आता केतन आणि मी तेच काम ऑनलाइन स्पर्धेला लावतो. साइटचं नाव 'नेमकं'. गिऱ्हाइकाची अडचण साइटवर टाकायची, देशभरातून लोक आपापले मसुदे पाठवतात, परीक्षक गुण देतात, पहिल्याला बक्षीस आणि त्याचा मसुदा थेट प्रोग्रामरांच्या हातात. थोडक्यात, माझ्या गेलेल्या नोकरीचे तुकडे करून मी लोकांत वाटते.

बाबांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे जेवणारा कोण ते विचारायचं नाही, आणि ताट वाढायची स्पर्धा लावायची."

गिऱ्हाईक आहे अंधेरीतलं एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र. बाबा तिथेच जातात, मंगळवार, गुरुवार, शनिवार. मशीनवर रक्त धुऊन आले की दोन दिवस चालतात-बोलतात. एखादी पाळी हुकली की पाय सुजतात, ओळीने हुकल्या तर छातीत पाणी भरतं. ट्रस्टचं आहे म्हणून परवडतं. तिथे कायमची जागा मिळायला आम्ही वर्षभर ताटकळलो होतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बाबांबरोबर केंद्रावर गेले. दोन शिफ्ट, सकाळची आणि दुपारची, बाबा दुपारचे. व्यवस्थापक श्यामसुंदर यांनी आपल्या केबिनमध्ये बसवून एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली: "भांडणं नकोत. कुणाला कुठली वेळ, कोण आधी, कोण नंतर, हे सगळं सिस्टरांच्या डोक्यात असतं. सिस्टर रजेवर गेल्या की माझी वाट लागते. मला कॉम्प्युटरने सांगितलेलं हवंय."

माधुरी सिस्टर म्हणजे त्या मजल्याच्या मालकीणच. एकीकडे सुया लावत होत्या, एकीकडे आरडाओरडा. सकाळच्या शिफ्टचे काशीराम तेव्हा निघत होते. पूर्वी गिरणीत, गिरणी गेल्यावर आरे कॉलनीत एका तबेल्यावर कामाला होते, अजून तिथेच मुलाकडे राहतात. आरेतली बस कधी येईल त्याचा नेम नाही, रिक्षा रोज परवडत नाही, त्यामुळे हा माणूस कधीच वेळेवर पोचत नाही. बाबा मुद्दाम लवकर जातात ते त्यांना गाठायला. एक मशीनवरून उठलेला, दुसरा बसायचा. मधल्या वेळात दोघांच्या गप्पा.

"जय भीम, काशीराम. आज म्हैस आडवी आली की बिबट्या?"

"रामराम रे धोंडू. बसचो डायवर झोपलो होतो मेलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या तुझा चेडू मा? बरा आसा. बापाशीवर गेला नाय."

मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. बाबा हसले. घरी ते असे हसत नाहीत.

२० सप्टेंबर, शुक्रवार

स्पर्धा सुरू झाली. नागपूर, इंदूर, कोइमतूर, कुठून कुठून नावं आली. सगळे हुशार, सगळे घाईत, डायलिसिसचं मशीन कुणी पाहिलेलं नाही.

स्पर्धकांनी शंका विचारायच्या त्या साइटच्या फोरमवर, सगळ्यांसमोर. गिऱ्हाइकाला थेट फोन करायचा नाही, नाहीतर एकाला जास्त कळतं आणि बाकीचे बोंबलतात. उत्तर दिवसाभरात द्यायचं. एकदा दिलं की ते पक्कं. सगळे मसुदे त्याच्यावर उभे राहतात, मागे फिरता येत नाही. हे नियम माझेच. उत्तराला उशीर झाला की चांगले स्पर्धक दुसरीकडे पळतात, हे आधीच्या दोन फसलेल्या स्पर्धांत मी शिकलेय.

इंदूरच्या एका मुलाने आज विचारलं: ठरल्या वेळी रुग्ण आला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला द्यायची का? किती वेळाने?

श्यामसुंदर यांना फोन लावला. उचलत नाहीत. मेसेजवर दोन निळ्या खुणा, बास.

२१ सप्टेंबर, शनिवार

श्यामसुंदर गावाला गेलेत. केतन म्हणाला, "अगं, तूच टाक ना काहीतरी. डॉमेन तुझ्या घरात बसलाय यार."

हा डॉमेन, म्हणजे त्या विषयातला जाणकार, डायलिसिसहून येऊन पलंगावर आडवा झाला होता. मी विचारलं, "बाबा, कुणाला उशीर झाला तर काय करतात?"

"सिस्टर थांबतात."

"किती वेळ?"

"माणूस येईपर्यंत."

"आणि दुसरा कुणी बसून असेल तर?"

"असतो की. तो चिडतो. सिस्टर त्याला चार शिव्या घालतात, आधी तिसरंच मशीन धुवायला काढतात, काहीतरी जुळवतात. होतं."

'काहीतरी जुळवतात' हे मी लिहू कुठे? ज्याची चाचणी घेता येत नाही असं एकही वाक्य मसुद्यात चालत नाही, असं मीच परीक्षकांना बजावून सांगितलंय. संध्याकाळी उत्तर टाकलं: हो. पंधरा मिनिटं थांबून जागा केंद्रात हजर असलेल्या पहिल्या रुग्णाला द्यावी. पंधरा कुठून आले? बँकेतही तेवढंच थांबतात, विमानतळावरही. वाजवी वाटलं. इंदूरच्या मुलाने लगेच थम्स-अपची खूण टाकली, आणि कितीतरी दिवसांनी आपण कामाचं काही केलं असं वाटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल. कोइमतूरची बाई पहिली. मसुदा वाचून मन प्रसन्न झालं. प्रत्येक वाक्य खिळ्यासारखं. वर तिने आपल्या मनाची भरही घातली आहे: एका महिन्यात तीनदा उशीर झाला तर रुग्णाची कायमची जागा रद्द करून त्याला प्रतीक्षायादीत टाकावं. श्यामसुंदर या वाक्यावर खूश.

नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं की उशिराच्या बाबतीत अंतिम निर्णय सिस्टरांचा असावा. परीक्षकांनी तिथे गुण कापले. बरोबरच होतं. सिस्टरांचा निर्णय कॉम्प्युटरला कसा शिकवणार?

केतन म्हणतो हे काम गाजलं तर पुढचं वर्ष निघेल. मला मात्र आतून सारखं वाटतं की काहीच निघणार नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. बाबांचा चहा करायचा असतो म्हणून उठते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सॉफ्टवेअर सुरू झालं. भिंतीवर मोठा स्क्रीन, रुग्णांची नावं, वेळा, हिरवा-तांबडा रंग. मी पेढे घेऊन गेले.

माधुरी सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगू का, बरं झालं बाई. एवढी वर्षं सगळ्यांचे शाप मी खाल्ले. आता म्हणते, मला काय विचारता, स्क्रीन बघा." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला फार बरं वाटलं.

काशीराम कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. बस उशिरा आली, त्यांची सकाळची जागा दुसऱ्याला गेली. दुपारी एक जण आला नाही म्हणून त्यांना मशीन मिळालं, नाहीतर तसेच परत जाणार होते. त्यांना राग आलेला दिसला नाही. स्क्रीनकडे बघत बसले होते, गावच्या स्टँडवर एस्टीची पाटी बघत बसावं तसे.

घरी बाबांना म्हटलं, त्यांना जरा लवकर निघायला सांगा. बाबा म्हणाले, "पहाटेच निघतो तो."

२३ नोव्हेंबर, शनिवार

काशीराम यांचे तीन उशीर झाले. कायमची जागा रद्द. आता ते रोज येऊन बाकावर बसतात आणि कुणाची जागा रिकामी होते का त्याची वाट बघतात. वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना सारखा, आणि यादीत त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत.

आज एक छान गोष्ट घडली. बाबांनी पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतला. जेवताना एकेक विचारत होते. जागा रिकामी झाली की यादीत पहिला असेल त्याला मिळते की केंद्रात हजर असेल त्याला? हजर असेल त्याला, मी म्हटलं, त्यातही जो आधी येऊन बसला त्याला. आणि महिन्यात तीनदा म्हणजे महिना कुठून धरायचा? एक तारखेपासून की पहिल्या उशिरापासून?

"एक तारखेपासून, बाबा! हाच प्रश्न फोरमवर आला होता."

"म्हणजे दोनदा झाला तर चालतं. पुढच्या महिन्यात परत कोरी पाटी."

"अगदी बरोबर. तुम्ही स्पर्धेत उतरायला हवं होतं."

आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते, वायर कुठून कुठे जाते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. किती दिवसांनी आम्ही असे बोललो. भाजी खारट झाली होती तेसुद्धा म्हणाले नाहीत.

३० नोव्हेंबर, शनिवार

बाबांची तब्येत सुधारतेय. एरवी डायलिसिसहून आले की पिळलेल्या फडक्यासारखे पडून असतात. गुरुवारी आणि आज मात्र ताजेतवाने आले, दंडावर पट्टी, चेहऱ्यावर हसू, आल्या आल्या रेडिओ लावला. मशीन मानवतंय एकूण. फक्त चप्पल घट्ट होते म्हणतात. नवीन घ्यायला हवी.

५ डिसेंबर, गुरुवार

उद्या सहा डिसेंबर, आणि बाबा चैत्यभूमीला जाणार नाहीत. मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलेलं नाही. म्हणाले, "रांगेत उभं राहवणार नाही गं." पाय सुजलेत. मी पाण्याचा ग्लास मोजून देतेय, तरी कसे सुजतात कळत नाही. वय झालं, दुसरं काय.

दुसरी स्पर्धा सुरू झालीय, शाळांच्या बसची. फोरमवर प्रश्नांचा पाऊस. बाबांबरोबर केंद्रावर जाणं जमत नाही. तेही नको म्हणतात, "मी जातो रिक्षाने, तू तुझं बघ."

१० डिसेंबर, मंगळवार

माधुरी सिस्टरांचा फोन. बाबांना आज उशीर झाला, जागा गेली, आणि या महिन्यातली ही दुसरी वेळ. पहिली पाच तारखेला. मला कुणीच सांगितलं नव्हतं! म्हणाल्या, "खाली टपरीजवळ उभे होते हो. आमच्या वॉर्डबॉयने पाहिलं. वर या म्हटलं तर म्हणाले, येतो."

घरी आल्यावर मी त्यांना फाडफाड बोलले. जीव महत्त्वाचा की टपरी? मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून किंमत नाही का? ज्यांना जागा नाही ते बघा कसे दिवसभर बाकावर बसून राहतात!

"हो," बाबा म्हणाले. "बघतो ना."

आणि मान खाली घालून पायांना तेल लावत बसले. माझ्या लहानपणी शाळेत पाच मिनिटं उशीर झाला तर बोलणी घालणारा माणूस. म्हातारपणी वेळेचं भान जातं म्हणतात. की जगायचाच कंटाळा आला असेल? माझ्यासारखा? मला फार भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी आणखी ओरडले.

१४ डिसेंबर, शनिवार

आज मी स्वतः रिक्षात बसवून दिलं, चांगलं तासभर आधी. तरी तिसरा उशीर लागला. केंद्राची लिफ्ट बंद होती. सुजलेल्या पायांनी जिना चढायला त्यांना इतका वेळ लागला की वर पोचेपर्यंत स्क्रीनवरून नाव गेलं होतं. कायमची जागा रद्द.

१५ डिसेंबर, रविवार

श्यामसुंदर यांच्या घरी जाऊन आले. चहा दिला. म्हणाले, "मॅडम, मी एकाला सवलत दिली तर सगळे माझ्या दारात. त्यासाठीच तर तुमच्याकडून हे करून घेतलं." मी म्हटलं, नियम बदला, लिफ्टची चूक रुग्णाच्या माथी कशाला? "बदलू ना. पण प्रोग्रामर म्हणतो मसुद्यात आल्याशिवाय हात लावणार नाही. तुम्ही एक छोटी स्पर्धा घ्या." चेष्टा करत नव्हते. कामाची नीट पद्धत हीच, असं मीच त्यांना सप्टेंबरमध्ये शिकवलं होतं.

तिथून माधुरी सिस्टरांना फोन केला आणि बाबांच्या जागा कुणाला गेल्या ते विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"लिफ्टचा दिवस सोडला तर चारही वेळा काशीरामांना. अहो, ते तर सकाळपासून येऊन बसलेले असतात, पहिला हक्क त्यांचाच. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

चार वेळा. नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात दोन. आणि पाचवा उशीर, लिफ्टचा, तेवढा खरा.

म्हणजे त्या दोन दिवशी ते ताजेतवाने आले ते मशीनवर बसलेच नव्हते म्हणून. दंडावरची पट्टी स्वतः चिकटवलेली. आणि मी चप्पल घ्यायला निघाले होते.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून बाबांना धाप. केंद्रावर नेलं तर बाकावर आठ जण. काशीराम त्यात नव्हते. थांबले नाही, तशीच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्यांनी आत घेतलं, पण पोटॅशियम फार वाढलंय, हृदयाला झेपत नाहीये म्हणाले. मशीन लावलंय.

मधे थोडा वेळ मास्क काढून बोलले. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मला वेळेवर नेऊन बसवलं असतंस."

"मग? बसवायलाच हवं होतं!"

"काशीरामला दोन आठवडे धड मशीन नव्हतं गं. त्याच्या ओठांचा रंग बघितला मी. महिन्यात दोनदा मला चालत होतं. तूच सांगितलंस ना."

मी म्हटलं, बाबा, ती पंधरा मिनिटं मीच लिहिलीत. दुसऱ्या कुणी नाही. मीच.

"माहीत आहे," म्हणाले. "काम आहे ते तुझं. त्याला मी कशाला नावं ठेवू?"

मग नर्सने मास्क परत लावला.

१८ डिसेंबर, बुधवार

बाबा गेले. सकाळी.

२९ डिसेंबर, रविवार

आज पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण, पंचशील म्हणताना माझ्या ओळी चुकत होत्या. टेलिफोन खात्यातल्या त्यांच्या मित्रांनी सांभाळून घेतलं. केतन येऊन गेला. जाताना दारात हळूच म्हणाला, ट्रस्ट आपलं काम दुसऱ्या केंद्रांना दाखवणार आहे, तू बरी झालीस की बोलू. तो वाईट नाही. त्याला दुसरं काय बोलावं सुचलं नसेल.

सगळे गेल्यावर काशीराम आले. आरेहून दोन बस बदलून. हातात पिशवी, अंगणातल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा. बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, मग खुर्चीत टेकले. मी पाणी दिलं, त्यांनी एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला.

म्हणाले, "उशीर झालो गो माका. कालच समाजला."

मला सांगायचं होतं. सगळं सांगायचं ठरवून मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. तेवढ्यात त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. हात गरम होते, सुकलेले.

"तुझ्या बापाशीन माका सांगल्यान, काशीराम, तू भिया नको. माझा चेडू त्या कॉम्प्युटरात मोठा आसा. मी तिका सांगतंय, ती तुझा नाव वर घेता. आणि खराच गो! चार खेपेक मी आशा सोडून बसलंय आणि माझा नाव वर इला. माझ्या सुनेन तुझ्यासाठी देवाक नारळ दिल्यान. तुझ्यामुळा मी आज हय बसलंय."

त्यांच्या पायांकडे नजर गेली. सुजले होते, घोट्यापर्यंत, बाबांचे होते तसेच.

"आता गेल्या आठवड्यात दोनदा परत इलंय मी तसोच," ते म्हणाले. "तू दुखात होतंस, तुका खयचा ध्यान. मी कायएक म्हणूक नाय. पण मंगळवारी बघतलंस मा गो?"

चार वेळा त्यांचं नाव वर आलं ते बाबा खाली उभे राहिले म्हणून. आता मंगळवारी त्यांच्यासाठी खाली उभं राहणारं कुणी नाही, आणि सोडून द्यायला माझी त्या यादीत जागा नाही.

मी हो म्हटलं.